पहिला ट्यूब प्रीअँप घेताना: बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या गिटारवाल्यांसाठी

ट्यूब प्रीअँप घ्यायचं मनात आलं की सगळे विचारतात, "कुठला घेऊ?" त्याआधी दुसरा प्रश्न सोडवायला हवा: तुमच्या गिटारची केबल शेवटी कशाला जोडली जाते? आपल्या पट्ट्यात गणपतीतला ऑर्केस्ट्रा असो, लग्नाचा हॉल असो, कॉलेजचं गॅदरिंग असो की कॅम्पातल्या चर्चमधलं गायन, स्टेजवर गिटारचा अँप क्वचितच असतो. साउंडवाले दादा मिक्सरकडून आलेला जॅक पुढे करतात आणि म्हणतात, "घाल की ह्यात." ज्या व्हिडिओंवर भाळून आपण यादी करतो, त्यांतले वादक बहुतेक वेळा खऱ्या स्पीकर कॅबिनेटसमोर माइक लावून वाजवत असतात. तोच प्रीअँप आपल्या मंडपातल्या मिक्सरला सरळ जोडला की ड्राइव्हचा, म्हणजे मुद्दाम फाडलेला, आवाज पत्र्यावर वाळू घासल्यासारखा येतो, आणि दोष मात्र ट्यूबच्या माथी जातो.

वर्ष-दोन वर्षं इलेक्ट्रिक गिटार वाजवलेल्या, खिशाला मर्यादा असलेल्या आणि एकाच यंत्रातून बरेच आवाज काढू पाहणाऱ्यांसाठी हे लिहितो आहे.

यंत्राचं काम काय

गिटारच्या पिकअपमधून निघणारा सिग्नल दुबळा असतो, साधारणपणे व्होल्टच्या काही दशांशांचा. प्रीअँप तो वाढवतो, बास-मिड-ट्रेबलचा आकार देतो आणि गेन वाढवला की हवा तेवढा फाडतो. स्पीकर हलवायची ताकद त्याच्यात नसते, ते काम पॉवर अँपचं. त्यामुळे प्रीअँपला थेट बॉक्स जोडून काहीच वाजणार नाही. नवीन मुलं हा प्रश्न हमखास विचारतात, म्हणून आधीच सांगून ठेवलं.

प्रीअँपमध्ये बहुतेक ठिकाणी एकच जातीची ट्यूब भेटते: १२एएक्स७. युरोपात तिलाच ईसीसी८३ म्हणतात. काचेच्या एका नळीत दोन ट्रायोड असतात आणि प्रत्येक ट्रायोड म्हणजे सिग्नल वाढवणारा एक टप्पा. स्वच्छ आवाजाला असे दोन टप्पे पुरतात. जड, गच्च ड्राइव्हसाठी मोठ्या अँपमध्ये चार किंवा त्याहून जास्त टप्पे एकापुढे एक लावलेले असतात, म्हणजे किमान दोन ट्यूब. आता दुकानातलं पेडल बघा. आत एकच ट्यूब आणि बाहेर मेटलपर्यंतचे तीन चॅनेल लिहिलेले असतील, तर उरलेलं काम ऑप-अँप किंवा डायोड, म्हणजे ट्यूब नसलेले इलेक्ट्रॉनिक भाग, करत आहेत हे उघड आहे. त्यात वाईट काही नाही, पण पैसे कशाचे मोजतो आहोत ते कळलेलं बरं.

पहिली पायरी: केबलचं दुसरं टोक

मिक्सरपासून सुरुवात करू, कारण आपल्याकडे तेच जास्त. गिटारचा स्पीकर साधारण पाच किलोहर्ट्झच्या वरचा आवाज झपाट्याने कापतो. पीएच्या, म्हणजे साउंड सिस्टिमच्या, बॉक्समध्ये मात्र ट्वीटर असतो आणि तो त्याच्या कितीतरी वरचं सगळं ऐकवतो. ड्राइव्हमुळे तयार झालेली वरची करकर, जी गिटार स्पीकरने गिळून टाकली असती, ती तिथून लोकांच्या कानात जाते. यावर उपाय म्हणजे कॅब सिम्युलेशन. ते यंत्रातच अॅनालॉग फिल्टरच्या रूपात असतं किंवा इम्पल्स रिस्पॉन्सच्या, म्हणजे आयआरच्या रूपात. एखाद्या खऱ्या कॅबिनेटचा आणि त्यासमोरच्या माइकचा आवाजी ठसा मोजून साठवलेली छोटी फाइल म्हणजे आयआर. मिक्सरला वाजवणार असाल तर कॅब सिम नसलेला प्रीअँप, कितीही उत्तम असला, तरी तुमच्यासाठी अर्धाच. वेगळी कॅब सिम पेटी घ्यावी लागेल आणि तिचे पैसे हिशेबात धरावे लागतील.

त्याच्या जोडीला एक्सएलआर आउट बघा. स्टेजपासून मिक्सरपर्यंत केबल लांब जाते, आणि साधी गिटार केबल तेवढी लांब नेली तर ती वाटेत हम, म्हणजे घूं घूं, गोळा करते. बॅलन्स्ड एक्सएलआर ते टाळते. शेजारी ग्राउंड लिफ्टचं बटण असेल तर फारच चांगलं. मंडपातल्या गुरगुरीवर ते नेमकं उपयोगी पडतं. जोडण्यापूर्वी मिक्सरवाल्यांना विचारा, "दादा, ह्या चॅनेलचं फँटम बंद आहे ना?" फँटम म्हणजे माइकसाठी मिक्सरकडून येणारे ४८ व्होल्ट. त्यांची तुमच्या यंत्राला गरज नसते आणि काही यंत्रांना ते सोसत नाहीत.

लहान गावात मंडळाकडे नुसता अहुजाचा अँप आणि दोन कॉलम असतात. तिथे माइकच्या सॉकेटात प्रीअँप घालू नका. माइकचं इनपुट अगदी बारीक सिग्नलसाठी असतं, प्रीअँपचा सिग्नल तिथे लगेच फाटतो. ऑक्सचं इनपुट शोधा.

घरच्या अँपचं गणित वेगळं. त्याच्या पाठीमागे इफेक्ट लूपचं 'रिटर्न' लिहिलेलं सॉकेट आहे का ते आधी पाहा. असेल तर तुमचं निम्मं काम झालं. प्रीअँप तिथे जोडला की अँपचा स्वतःचा प्रीअँप बाजूला पडतो आणि फक्त त्याचा पॉवर अँप व स्पीकर वापरला जातो. कॅब सिम अर्थातच बंद ठेवायचं, कारण समोर खरा स्पीकर आहे. दहा-पंधरा वॉटच्या सरावाच्या अँपना बहुधा रिटर्न नसतं. मग पुढच्या इनपुटातच जोडावं लागतं. अँप स्वच्छ चॅनेलवर ठेवा, प्रीअँपचा आउटपुट अगदी कमी ठेवून हळूहळू वाढवा. चालतं, पण दोन प्रीअँपचे दोन रंग एकावर एक चढतात आणि कुठल्या बटणाने काय बदललं ते कळेनासं होतं.

घरी रेकॉर्डिंगच करायचं असेल तर इंटरफेसच्या (आवाज संगणकात नेणाऱ्या पेटीच्या) लाइन इनपुटला जोडा, गिटारच्या खास इनपुटला नको. आयआर संगणकात लावता येतो. इग्नाइट अँप्सचा 'नॅडआयआर' हा लोडर फुकट मिळतो. अशा वाजवणाऱ्याला कॅब सिम नसलेला, त्यामुळे स्वस्त पडणारा प्रीअँप पुरतो.

दुसरी पायरी: ट्यूबला किती व्होल्ट मिळतात

जाहिरातीत 'खरी ट्यूब' असं मोठ्या अक्षरांत असतं. त्यापुढे प्लेट व्होल्टेज, म्हणजे ट्यूबच्या आतल्या प्लेटला मिळणारे व्होल्ट, शोधायचं. खऱ्या ट्यूब अँपमध्ये १२एएक्स७च्या प्लेटवर साधारण १५० ते २५० व्होल्ट असतात. स्वस्त यंत्रांत ती बारापासून चाळीस-पन्नास व्होल्टवर चालवलेली असते. याला स्टार्व्ह्ड प्लेट म्हणतात, म्हणजे उपाशी ठेवलेली ट्यूब. तिला सिग्नल मोकळेपणाने वाढवायला जागाच मिळत नाही. ती लवकर दबते आणि मऊ, थोडी चोंदलेली फाटते. हळू वाजवलं तर स्वच्छ आणि जोरात वाजवलं तर दाणेदार, हा जो हाताला मिळणारा प्रतिसाद ट्यूबसाठी आपण शोधतो, तो उच्च व्होल्टेजवर जास्त खुलतो.

म्हणून उपाशी ट्यूब टाकाऊ ठरते असं मुळीच समजू नका. बी. के. बटलरचा ट्यूब ड्रायव्हर कमी व्होल्टेजवरच चालतो, आणि पिंक फ्लॉइडच्या डेव्हिड गिल्मर यांनी तो वर्षानुवर्षं वापरला. फक्त तो ड्राइव्ह पेडल म्हणून चांगल्या अँपपुढे वापरला, अँपच्या जागी नव्हे. मी सांगेन ते इतकंच: अँपची जागा घेणारा प्रीअँप हवा असेल तर उच्च व्होल्टेजचा शोधा; चांगल्या अँपला थोडी ऊब द्यायची असेल तर कमी व्होल्टेजवाला चालेल. आणि जाळीतून दिसणाऱ्या नारिंगी उजेडावर जाऊ नका. काही यंत्रांत ट्यूबच्या मागे एलईडी बसवलेला असतो. ट्यूब तापवणाऱ्या खऱ्या हीटरचा उजेड अगदी मंद असतो.

तिसरी पायरी: एकात किती आवाज

आपल्या ऑर्केस्ट्रातल्या गिटारवाल्याइतकी बहुविध गरज क्वचितच कुणाला असेल. एकाच रात्री भक्तिगीत, जुनं हिंदी, कानडी सिनेमाचं गाणं, आणि शेवटी पोरांच्या आग्रहाखातर रॉक. म्हणून मी पहिल्यांदा स्वच्छ आवाज तपासतो, ड्राइव्ह नंतर. गेन अगदी खाली ठेवून, तुमच्या गिटारचा सर्वात जोरकस पिकअप लावून पूर्ण कॉर्ड ओढा. हंबकर, म्हणजे दोन कॉइलचा जोरकस पिकअप, असलेल्या गिटारवर आवाज तेव्हाही फाटत असेल, तर त्या यंत्रात भावगीत वाजणार नाही.

पायाने बदलता येणारे दोन चॅनेल हवेत आणि दोघांचे व्हॉल्यूम वेगळे हवेत. हे दुसरं फार लोक विसरतात. एकच व्हॉल्यूम असलेल्या यंत्रात ड्राइव्हवर जाताच आवाज दुप्पट होतो, गायक मागे वळून बघतो आणि साउंडवाले तुमचा फेडर खाली ओढतात. मग पुढचं स्वच्छ गाणं कुणालाच ऐकू येत नाही.

मिडचं बटण सगळ्यात महत्त्वाचं. फेंडरच्या वळणाच्या टोन सर्किटमध्ये मधला भाग मुळातच खोल गेलेला असतो, मार्शलच्या वळणात तो पुढे असतो. या दोन्हींचं मूळ जवळचंच आहे: मार्शलचा १९६२ सालचा पहिला अँप, जेटीएम४५, फेंडरच्या बासमनच्या सर्किटवरूनच बनवला होता. घरी एकट्याने वाजवताना मिड कमी केलेला आवाज भरदार, गोड वाटतो. स्टेजवर कीबोर्ड, ऑक्टोपॅड, ढोलकी आणि गायक सुरू झाले की तो आवाज गायब होतो. मिडचं बटण शून्यापासून दहापर्यंत फिरवून पाहा. आवाज ठळकपणे बदलत नसेल तर ते यंत्र सोडून द्या. फक्त 'टोन' नावाचं एकच बटण असलेल्या यंत्राला बहुपयोगी म्हणू नये, असं माझं ठाम मत आहे. चॅनेलनिहाय वेगळे टोन कंट्रोल मिळाले तर उत्तम, पण त्यासाठी खूप पैसे मोजू नका.

चौथी पायरी: अॅडॅप्टर

१२एएक्स७च्या हीटरला ६.३ व्होल्टवर ३०० मिलिअँपिअर लागतात, म्हणजे जवळपास दोन वॉट. हे फक्त ट्यूब तापवायला. प्लेटसाठी उच्च व्होल्टेज तयार करायला आणखी वीज जाते. त्यामुळे साध्या ड्राइव्ह पेडलचा १०० मिलिअँपिअरचा अॅडॅप्टर इथे चालत नाही; पाचशे किंवा त्याहून जास्त लागू शकतात. यंत्रासोबत आलेला अॅडॅप्टरच वापरा. तो हरवला आणि बाजारातून दुसरा घ्यायची वेळ आली, तर चार गोष्टी कागदावर लिहून दुकानात जा: व्होल्ट, मिलिअँपिअर, एसी की डीसी, आणि डीसी असल्यास मधली पिन निगेटिव्ह की पॉझिटिव्ह. काही ट्यूब यंत्रं ९ व्होल्ट एसीवर चालतात. तिथे डीसी घातला तर यंत्र चालत नाही, आणि डीसीच्या यंत्रात एसी घातला तर ते जळू शकतं.

पावसाळ्यात खानापूर, जांबोटीच्या बाजूला लाइट ये-जा करते. गणपतीत जनरेटरवर व्होल्टेज झुलतं. अॅडॅप्टरवर 'इनपुट १००–२४०' छापलेलं असेल तर असे चढउतार तो बऱ्यापैकी पचवतो. जड, लोखंडी ट्रान्सफॉर्मरचा अॅडॅप्टर ते थेट यंत्राकडे पाठवतो. अमेरिकेतून कुणी नातेवाईक १२० व्होल्टचं यंत्र घेऊन आले असतील तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरशिवाय ते प्लगमध्ये घालू नका. एकाच अॅडॅप्टरवर साखळी करून ट्यूब प्रीअँप आणि डिजिटल डिले चालवाल तर घूं घूं जवळजवळ नक्की येणार. ती घालवायला अँपच्या प्लगची अर्थिंगची पिन मोडणारे लोक मी पाहिले आहेत. तसं कधीही करू नका, गिटारच्या तारा तुमच्या हातात असतात.

पाचवी पायरी: यादी छोटी करा

एकूण बजेट दहा हजारांच्या आत असेल तर ट्यूबचा हट्ट सोडा, हे मनापासून सांगतो. उच्च व्होल्टेज आणि कॅब सिम असलेला नवा ट्यूब प्रीअँप त्या पैशांत बसत नाही. जोयोच्या अमेरिकन साउंडसारखं ट्यूब नसलेलं, फेंडरच्या वळणाचं पेडल मिक्सरला सरळ जोडलं तरी बरं वाजतं. उरलेल्या पैशांत चांगली केबल घ्या.

आर्टचा ट्यूब एमपी स्वस्त मिळतो म्हणून बरेच जण त्याच्याकडे वळतात. तो माइक प्रीअँप आहे. गिटार त्यात लागते, थोडी ऊबही येते, पण टोन कंट्रोल नाहीत आणि कॅब सिम नाही. गाणं आणि गिटार दोन्ही घरी रेकॉर्ड करणाऱ्याला तो उपयोगी, स्टेजवाल्याला नाही.

बजेट वाढवता आलं तर ब्लॅकस्टारच्या डिपार्टमेंट टेन मालिकेतले ड्युअल ड्राइव्ह आणि ड्युअल डिस्टॉर्शन बघा. ईसीसी८३ दोनशेहून जास्त व्होल्टवर चालते, दोन चॅनेल, कॅब सिम, एक्सएलआर आणि यूएसबी आहे, आणि वीज ९ व्होल्ट डीसी ५०० मिलिअँपिअर लागते. आपल्या पट्ट्यातल्या मिश्र वापराला, म्हणजे शनिवारी मंडप आणि रविवारी घरचं रेकॉर्डिंग, मला हे सर्वात जुळणारं वाटतं. ऑर्केस्ट्रावाल्याने ड्युअल ड्राइव्ह घ्यावा. ड्युअल डिस्टॉर्शन जड वाजवणाऱ्यांसाठी. टू नोट्सची 'ल' मालिका, ल क्लीन, ल क्रंच, ल लीड, हीसुद्धा २०० व्होल्टची, दोन चॅनेलची आणि कॅब सिमसह डीआय आउट, म्हणजे मिक्सरला सरळ जोडायचं सॉकेट, असलेली. सेकंडहँड मिळाली तर सोडू नका. व्हिक्टरीच्या व्ही४ प्रीअँपमध्ये चार ट्यूब आहेत आणि आवाज अप्रतिम, पण 'परवडणारा' या शब्दात ते बसत नाहीत.

न्यूट्यूब हे नाव दिसलं तर गोंधळू नका. कोर्गने नोरिताके इत्रॉन या जपानी कंपनीबरोबर २०१५ साली आणलेली ही चपटी ट्यूब, यंत्रांवरच्या हिरव्या-निळ्या आकड्यांच्या डिस्प्लेच्या तंत्रावर बनलेली. खरी ट्रायोड आहे, वीज अगदी कमी खाते. व्हॉक्सच्या व्हॅल्व्हनर्जी पेडलांत ती आहे.

जुने रॅक प्रीअँप, १९८७चा एडीए एमपी-१ किंवा मार्शलचा जेएमपी-१, कधी पुण्या-मुंबईत स्वस्तात निघतात. आवाजाबद्दल दुमत नाही. पण त्यांचे कपॅसिटर आणि मेमरीची बॅटरी आता म्हातारी झाली आहे, आणि दुरुस्ती जवळपास करणारा कुणी माहीत नसेल तर पहिल्या खरेदीला ते नकोत.

सहावी पायरी: हातात घेऊन बघणं

बेळगावात वाद्यांची दुकानं आहेत, पण तिथे अकूस्टिक गिटार, हार्मोनियम, कीबोर्ड जास्त. ट्यूब प्रीअँप मांडलेला सहसा दिसणार नाही. कोल्हापूर किंवा हुबळी दोन-अडीच तासांवर, चोर्ल्याने गोवा त्याहून थोडं जास्त. जाण्यापूर्वी फोन करून तो विशिष्ट माल वाजवायला मिळेल का ते विचारा. आपली गिटार आणि आपली केबल घेऊन जा. दुकानातल्या महागड्या गिटारवर सगळंच छान वाजतं.

सगळी बटणं मध्यावर, गेन शून्यावर. वर सांगितलेली स्वच्छ आवाजाची आणि मिडची परीक्षा घ्या. मग गेन मध्यावर आणून गिटारचा व्हॉल्यूम दहावरून पाचवर आणा: ड्राइव्ह विरळ होत जवळजवळ स्वच्छ व्हायला हवा. ट्यूबचे जास्तीचे पैसे मोजायचे ते मुख्यतः याच गुणासाठी. त्यानंतर एक सूर ओढून विझेपर्यंत ऐका. तो फुरफुरत, तुटत संपला तर ट्यूब दमलेली आहे किंवा सर्किट चुकलं आहे. शेवटी आवाज वाढवून काही न वाजवता थांबा आणि यंत्राला बोटाने हलकेच टिचकी मारा. टणत्कार स्पीकरमधून घुमत राहिला तर ट्यूब मायक्रोफोनिक झाली आहे, म्हणजे हादरे आवाजात उतरवते आहे. सेकंडहँड मालात हे आढळलं म्हणून सौदा मोडू नका, ट्यूबच्या किमतीएवढी घासाघीस करा.

मिक्सरसाठी घेत असाल तर दुकानदारांना पीए बॉक्सवर लावायला सांगा. गिटार अँपवर ऐकून घेतलेला निर्णय मंडपात उपयोगाचा नाही. परदेशातून मागवायचा विचार असेल तर सीमाशुल्क आणि कर किमतीत मिळवून बघा, आणि वॉरंटीसाठी परत पाठवायचा खर्च कुणाचा ते आधी विचारा. बहुतेक वेळा इथलं पक्कं बिल असलेला महाग वाटणारा तुकडाच शेवटी स्वस्त पडतो.

घरी आणल्यावर

सुरू केल्यावर अर्धा मिनिट थांबा, हीटर तापायला वेळ लागतो. झाकण उघडू नका: आत दोनशे-तीनशे व्होल्ट असतात आणि वीज बंद केल्यावरही कपॅसिटर ते काही काळ धरून ठेवतात. मिक्सरवर प्रत्यक्ष जमलेलं सेटिंग कागदावर लिहून पेटीत ठेवा. पावसाळ्यात पेटीत सिलिका जेलच्या दोन पुड्या टाका, नाहीतर जॅक गंजतात आणि बटणं खरखरू लागतात.

प्रीअँपची ट्यूब सहसा वर्षानुवर्षं टिकते. आज मिळणाऱ्या ट्यूब मुख्यतः स्लोव्हाकियातल्या चाद्सा इथल्या जेजेच्या, रशियातल्या साराटोव्हच्या किंवा चिनी. २०२२मध्ये युद्धामुळे रशियन पुरवठा अडखळला तेव्हा भाव चढले होते. एकेकाळी आपल्याच राज्यात, बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६१पासून व्हॉल्व्ह बनवले. बीईएलचा शिक्का असलेली ईसीसी८३ कुणा जुन्या रेडिओ-अँप दुरुस्तीवाल्यांच्या खोक्यात सापडली तर जरूर घ्या, वाजते सुरेख.

ट्यूब बाहेरून बदलता येत असेल तर त्यातूनही आवाज वळवता येतो. १२एएक्स७चा गेन गुणांक १००, ५७५१चा ७०, १२एटी७चा ६०, १२एवाय७चा ४५च्या आसपास. सॉकेट तेच. ड्राइव्ह फारच लवकर येत असेल तर पहिल्या जागी ५७५१ किंवा १२एवाय७ लावून पाहा. बासमनमध्ये पहिली ट्यूब १२एवाय७च होती आणि मार्शलने त्या जागी ईसीसी८३ घातली, दोघांच्या स्वभावातल्या फरकाचं एक कारण तेच. बदलताना प्लग काढा, यंत्र थंड होऊ द्या, ट्यूब सरळ वर ओढा. नऊ पिनांच्या वर्तुळात एका ठिकाणी मोकळी जागा असते. ती सॉकेटच्या मोकळ्या जागेशी जुळवूनच नवी ट्यूब आत दाबा, जोर लावावा लागत असेल तर पिन वाकलेली आहे.